मुगाचे फुनके आणि बाबांची भूक

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मी घर सोडलं. आमच्या रामाकोन्याहून सौंसर, सौंसरहून मोटारीने पांढुर्णा, तिथून मोठ्या लाईनची गाडी धरून इटारसी, आणि इटारसीला गाडी बदलून जबलपूर. छोट्या लाईनने छिंदवाडा, नैनपूर करत करतही जाता आलं असतं, पण ती गाडी इतकी रमतगमत जायची की नोकरीवर हजर व्हायचं असताना तिच्यावर भरवसा ठेवायला बाबा तयार नव्हते. ते स्वतः पांढुर्ण्यापर्यंत आले. सोबत माय होती. लोखंडी पेटी, वळकटी आणि संत्र्यांची करंडी फलाटावर मांडून झाली तशी माय पेटीवरच बसली आणि मला तेच ते सांगत राहिली, "पोटाकडे पाह्यजो, बाबू. बाकी सारं होते."

गाडी आली, मी चढलो, खिडकीची जागा मिळाली. तेव्हा बाबांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या समोर बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातात दोन संत्री ठेवली आणि म्हणाले, "आमचा पोरगा हाये जी. पहिल्यांदाच चालला. जेवाच्या वेळी त्याले हाक मारजा." गाडी हलली. त्या माणसाने आमला स्टेशनाच्या अलीकडे खरोखरच डबा उघडला आणि मला हाक मारली. मला घास गिळता आला नाही, हे मी घरी कधी कळवलं नाही.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. छिंदवाड्याला राहून बी.एस्सी. केलं आणि जबलपूरला शेती खात्याच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. माती तपासायचं काम. ज्याचे वाडवडील माती हातात घेऊन, चुरून, वास घेऊन कपाशी पेरायची की तूर हे ठरवायचे, तो आता त्याच मातीला काचेच्या नळीत घालून पगार घेऊ लागला. यात मला कमीपणा कधी वाटला नाही. मला शिकू दिलं, संत्र्याचा तोडा चालू असतानाही परीक्षेच्या दिवसांत बगिच्यात बोलावलं नाही, याचं ओझं नाही, पण आठवण मी रोज बाळगतो. तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, दोघांनाही हे सांगण्यासारखं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

जबलपूरला सगळं बदललं. भाजीची सब्जी झाली, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, हरा धनिया झाला, खोलीचं क्वार्टर झालं. ऑफिसात मला 'नागपुरिया' म्हणत आणि नागपूरला मावशीकडे गेलो की तिथली मुलं 'एमपीवाला' म्हणत. पुढे लग्न झालं. सुनंदा पांढुर्ण्याची, शाळामास्तरांची मुलगी. ती आली तेव्हा माझ्या क्वार्टरात पुन्हा आपली भाषा ऐकू येऊ लागली. पण मला सांगायचं आहे ते बाबांच्या फुनक्यांविषयी, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

तसे फुनके आपल्याकडे घरोघरी होतात. तुरीची डाळ, हिरवी मिरची, लसूण, वाफवलेले मुटके आणि वर झणझणीत कढी. बाबांचे फुनके वेगळे होते. ते मुगाचे होते, त्यात हिरवी मिरची नव्हती, आणि ते जेवणात नव्हे तर जेवणाच्या आधी खायचे होते.

मी आठवीत असताना माय मुदतीच्या तापातून उठली. ताप गेला, पण तिची भूक परत आली नाही. पानावर बसायची, एक घास घ्यायची आणि उठायची. तेव्हा बाबा सौंसरच्या वैद्यबुवांकडे गेले. हे वैद्यबुवा वयस्क, बोलायला तिखट, आणि औषधाआधी जेवणाची चौकशी करणारे. त्यांनी चूर्णाची पुडी दिली नाही. त्यांनी बाबांना समोर बसवून एक पदार्थ समजावून सांगितला. मूग पचायला हलका, म्हणून मूग. तळलेलं जड, म्हणून वाफवलेलं. आलं, जिरं, चिमूटभर ओवा, हिंग, शेंदेलोण, दोन मिरे, हे सगळं पोटातला विझत आलेला विस्तव फुंकण्यासाठी. वरून लिंबू पिळायचं आणि साजूक तुपाचा थेंब सोडायचा. आणि जेवणाच्या थोडं आधी गरम गरम दोनच द्यायचे. तिसरा मागितला तरी नाही. "भूक जागवाची हाये," ते म्हणाले होते, "भागवाची नाई. अन् सकाळचं पचलं नसन तर संध्याकाळी हेही देऊ नका."

बाबांनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि घरी येऊन स्वतः चुलीपुढे बसले. आमच्याकडे तोवर पुरुषमाणूस चुलीपुढे बसलेला मी पाहिला नव्हता. माय बाजेवर पडून सूचना द्यायची आणि बाबा पाट्यावर डाळ वाटायचे. डाळ सालीचीच घ्यायची, तीही पूर्ण निथळून, आणि वाटायची जाडीभरडी. बारीक वाटली की फुनका चिकट होतो आणि पोटात जाऊन बसतो, असं ते वैद्यबुवांच्या आवाजात सांगायचे. गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, पाणी, वर चाळणी, चाळणीत पळसाची पानं, पानांवर मुठीचे ठसे उमटलेले मुटके. झाकण काढलं की पळसाच्या पानाचा आणि आल्याचा जो एकत्र वास यायचा, त्यानेच अर्धं काम व्हायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी मायने भाकर मागून घेतली. त्या दिवशी बाबा बैलाला कुरवाळत गोठ्यात बराच वेळ उभे होते, एवढं मला आठवतं.

माय बरी झाली, पण बाबांचे फुनके थांबले नाहीत. गावात कुणाचा भंडारा असो, जामसांवलीच्या देवळात कुणाचा नवस फेडायचा असो, बाबा वाढायला जायचेच. कमरेला पंचा गुंडाळून पंगतीत वरणाची बादली घेऊन धावणारा माणूस म्हणून त्यांना सगळा परिसर ओळखायचा. आता ते डाळ भिजवूनच निघू लागले. जामसांवलीला गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, तुपाची धार, वांग्याची भाजी, वरण, असं ते जेवण. ते खाऊन दुपारी झाडाखाली माणसं आडवी व्हायची आणि उठताना पोट धरायची. बाबांनी त्याच्या आधी प्रत्येकाच्या पत्रावळीवर दोन दोन फुनके टाकायला सुरुवात केली. लोकांना ते पटलं नाही. बोरगावचा एक पाहुणा तर पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नामाजी, मुगानं पोट भरवून ठेवता अन् मंग रोडगे वाढता. यजमानाची बचत झाली पाह्यजे, नाई का?" पंगत हसली. बाबाही हसले. त्या पाहुण्याने त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन रोडगे जास्त खाल्ले आणि यजमानाला शेवटच्या पंगतीसाठी पुन्हा कणीक मळावी लागली. त्यानंतर काही वर्षं असं झालं की, आधी बाबांना फुनक्यांचं निमंत्रण यायचं आणि मागाहून कणकेचा अंदाज वाढवला जायचा.

ऋतू बदलला की बाबा त्यातही फरक करायचे. पावसाळ्यात पोटाचा विस्तव मंद असतो म्हणून सुंठ जास्त. उन्हाळ्यात ओवा आणि मिरे कमी, सांबार भरपूर. हिवाळ्यात, म्हणायचे, माणसाला तशीच भूक लागते, तेव्हा आपल्या फुनक्याला कोण विचारते. तरी हिवाळ्यातही करायचे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात माय गेली. बगिचा चुलतभावाच्या हवाली करून मी बाबांना जबलपूरला घेऊन आलो. त्यांनी हरकत घेतली नाही. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिच्यासाठी येतो, म्हणाले.

सुनंदाने आणि मी ठरवलं होतं की त्यांना कशाची उणीव पडू द्यायची नाही. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले, आता बसून खावं. क्वार्टरात आम्ही नवंच टेबल घेतलं होतं. संध्याकाळी सातला सुनंदा त्यांचं ताट त्यावर मांडायची. पहिली पोळी त्यांची, तव्यावरून थेट ताटात. त्यांचं जेवण झाल्याशिवाय आम्ही बसायचो नाही. वडीलमाणसाला याहून वेगळं कसं जेवू घालतात, हे आपल्याकडे कुणाला माहीत आहे?

आणि बाबांची भूक गेली. आधी दोन पोळ्यांची एक झाली. मग अर्धी. मग ते ताटासमोर बसून मुलीला घास भरवायचे आणि स्वतःचं ताट तसंच ठेवून उठायचे. दसऱ्यापर्यंत त्यांचा सदरा खांद्यावरून असा लोंबायला लागला की तो दुसऱ्या कुणाचा वाटावा. डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, एक्स-रे, सगळं झालं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पत्नी गेली आहे, मन रमवा. टॉनिक दिलं. बाबा टॉनिक नेमाने घ्यायचे, कारण ते सुनंदाने हातात दिलेलं असायचं.

सुनंदाने फुनके करून पाहिले. तिला सगळी कृती पाठ होती, बाबांच्याच तोंडून. मिक्सरला एकेक झटका देऊन डाळ जाडी ठेवली, आलं किसून नव्हे ठेचून घातलं, शेंदेलोण मुद्दाम बाजारातून आणलं. बाबांनी एक फुनका मोडला, वास घेतला, अर्धा खाल्ला. म्हणाले, "सूनबाई, हात चांगला हाये तुया. माह्यापेक्षा चांगले झाले. पण मले भूकच नाई लागून राहिली, मी काय करू?" ती आत जाऊन रडली. ज्या पदार्थाने मायला उठवलं तो हरला, म्हणजे आता दुसरं काही उरलंच नाही, असं मलाही वाटत होतं. रात्री आम्ही दोघं हलक्या आवाजात एकच बोलायचो: बाबांना परत पाठवायचं का. तिथे घरात त्यांना करून घालणारं कुणी नव्हतं. इथे करून घालणारे होतो, तर ते आमच्या डोळ्यांदेखत झिजत होते.

बगिच्याच्या कामासाठी मी सौंसरला गेलो तेव्हा वैद्यबुवांना भेटलो. ते आता फार थकले होते, ओसरीवर उशाला टेकून बसलेले. मी सगळं सांगितलं. फुनके कसे केले तेही. त्यांनी कृतीत एकही चूक काढली नाही. उलट सुनंदाचं कौतुक केलं. मग विचारलं की नामाजी दिवसभर करतात काय. मी अभिमानाने म्हणालो, "काहीच नाही. आम्ही काही करू देत नाही."

"फुनका भुकेले हाक मारते," ते म्हणाले. "पण ती घरात असली तरच ओ देईन ना? त्याले कामाले लावा."

मी ते ऐकलं आणि परत आल्यावर कुणालाही सांगितलं नाही. पासष्टीच्या बापाला नोकरदार मुलाने कामाला लावायचं, आणि तेही सरकारी कॉलनीत, जिथे प्रत्येक खिडकीतून दुसऱ्याचं अंगण दिसतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

जे मला जमलं नाही ते आपोआप घडलं. आमच्या शेजारी तिवारीजी राहायचे. माघात त्यांच्या मुलीची सगाई होती. क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत शामियाना लागला, हलवाई सकाळी उजाडताच भट्टी लावून बसला. बाबा मुलीला कडेवर घेऊन तिकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. सुनंदाला म्हणाले, खव्याच्या कचोऱ्या, उडदाचे दहीवडे, मालपुवे, सगळं एकाच जेवणात आहे. पाहुणे सतन्याहून रात्रभर प्रवास करून येऊन राहिले. त्यांच्या पोटाचं काय होईल? आणि मग, "सालीची मूगडाळ किती हाये घरात?"

होती तेवढी भिजली. नव्हती ती मी रेशनच्या दुकानाशेजारून आणली, आणताना म्हणालोही, "बाबा, दुसऱ्याच्या घरचं कार्य आहे. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतीन? जेवतीन अन् उगी राहतीन."

इतक्या डाळीला मिक्सर पुरेना. बाबांनी पाटा मागितला. आमच्याकडे नव्हता. तिवारींच्या घरून सिलबट्टा आला, आणि तिवारीजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही भाभी म्हणायचो, दारात उभ्या राहून पाहत होत्या की काकाजी बाह्या सरसावून डाळ वाटतायत. पळसाची पानं हवी होती. हलवायाच्या पत्तलांच्या गठ्ठ्यातून तीच निघाली. हलवाई आधी कुरकुरला. एका भट्टीवर त्याचंच मोठं भगोणं ठेवून बाबांनी फुनके लावले. वाफ आली तसा तो वाकून वास घेऊन गेला आणि आपल्या कचोऱ्यांकडे वळला.

पाहुणे बसले. बाबांनी कमरेला पंचा गुंडाळला, परात उचलली आणि पंगतीच्या या टोकापासून वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या पानावर दोन, वर लिंबाची फोड. मुलाकडचे एक फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, होते, जाडजूड, थट्टेखोर. त्यांनी फुनका दोन बोटांत धरून विचारलं, "काकाजी, पहले मूंग से पेट भर दोगे, तो कचौड़ी किसके लिए रखी है?" बाबांचं हिंदी आपल्यासारखंच. ते म्हणाले, "भरने के वास्ते नई, साहब. जगह करने के वास्ते है. खाके तो देखो."

फूफाजींनी खाऊन पाहिलं. बाकीच्यांनीही. तासाभरात हलवाई शामियान्याबाहेर येऊन तिवारीजींना सांगत होता की कचोऱ्या संपल्या, अंदाज चुकला नव्हता, पण हे लोक थांबतच नाहीत. त्या बुजुर्गांना कुणीतरी आवरा. मैदा पुन्हा मळला गेला. तिवारीजी घाम पुसत हसत होते. बाबा परात रिकामी झाली की भगोण्याकडे जायचे, भरून घेऊन यायचे, वाकून वाढायचे. त्यांच्या चालण्यात घाई होती. तशी घाई मी त्यांच्या पायांत कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

दुपार कलली, पंगती उठल्या, पाहुणे सोफ्यांवर टेकले. मी पान खात गप्पा मारत बसलो होतो. सुनंदा आली आणि माझ्या बाहीला धरून म्हणाली, "या जरा. पण बोलू नका काही."

शामियान्याच्या मागे ताडपत्रीवर हलवाई, त्याची माणसं आणि बाबा असे गोल करून बसले होते. मधे उरलेल्या पुऱ्यांची टोपली, बटाट्याची भाजी, भगोण्याच्या तळाशी मोडलेले दोन-तीन फुनके. बाबांनी आधी त्यातला एक तुकडा तोंडात टाकला. मग पुरी घेतली. मग आणखी एक. हलवाई त्यांना काहीतरी विचारत होता आणि ते तोंडात घास असतानाच हात हलवून ओवा किती हे दाखवत होते. भाजी संपली तेव्हा त्यांनी स्वतःच मागे वळून विचारलं, "और है क्या?" सुनंदाने माझी बाही सोडली नव्हती.

बाबांनी मला पाहिलं. "काहून उभा हायेस? जेवला का तू?"

"जेवलो," मी म्हणालो.

संध्याकाळी भांडी आवरताना सुनंदा एकच वाक्य बोलली. ती म्हणाली, "आपण त्यांना रोज सगळ्यांत आधी वाढतो."

मी तिथेच मोरीपाशी बसलो. आठवू लागलो. घरी आम्ही सगळी चुलतभावंडं जेवायचो, मग आजी, मग आलं-गेलं माणूस, आणि मग बाबा आणि माय. संत्र्याच्या तोड्याला आलेले मजूर जेवल्याशिवाय बाबा बगिच्यात भाकर सोडायचे नाहीत. जामसांवलीला, भंडाऱ्याला, लग्नात, ते कायम शेवटच्या पंगतीत, वाढपी आणि आचारी यांच्यासोबत. त्यांच्या पोटाला तेवढं एकच घड्याळ माहीत होतं: सगळे जेवले की आपली वेळ झाली. मी आणि सुनंदाने, जिवापाड प्रेमाने, रोज सातला ते घड्याळ मोडलं होतं. आपल्या माणसांत पाहुण्याला आधी वाढतात. बाबा आमच्या घरात आठ महिने पाहुणे म्हणून जेवत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काही जाहीर केलं नाही. सुनंदा फक्त म्हणाली की दिवसभराच्या कामाने तिला दम लागतो, बाबांनी डाळ तेवढी वाटावी. भाभींनी सिलबट्टा परत मागितलाच नाही. बाबा संध्याकाळी फुनके लावायचे, आधी नातीला फुंकून फुंकून द्यायचे, मग मला, मग सुनंदाला बळेच बसवायचे. पोळ्यासुद्धा तेच वाढायचे. आम्ही उठलो की टेबल सोडून स्वयंपाकघरात पाटावर बसायचे आणि शांतपणे, चवीने, भरपूर जेवायचे. वैशाखापर्यंत सदरा पुन्हा त्यांचा झाला. कॉलनीतल्या बायका येऊन विचारायच्या की पावसाळ्यात कसे करायचे, मुलांना चालतील का. बाबा त्यांना आपल्या हिंदीत पोटातल्या विस्तवाबद्दल सांगायचे आणि त्या ऐकायच्या.

मला वाटलं होतं की आता ते कायमचे आमच्याकडे राहतील. पण दिवाळी तोंडावर आली, बाजारात आपल्याकडची संत्री दिसू लागली, आणि एके दिवशी नातीच्या हातात संत्र्याची फोड देताना ते सहज म्हणाले की आता निघतो. मी वाद घातला. एकटे कसे राहाल, कोण पाहील, कोण करून घालेल, सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिकडे एकट्यानंच खाचं होतं, म्हणून आलो," ते म्हणाले. "मले वाटलं, भूक तुया मायसोबतच गेली. आता लागून राहिली ना. आता जाऊ दे मले."

त्यांना बरं करायचं म्हणजे त्यांना जायला मोकळं करायचं, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जबलपूरच्या फलाटावर या वेळी मी खाली उभा होतो आणि बाबा खिडकीत. सुनंदाने समोरच्या बाईंना सांगितलं की आमचे सासरे आहेत, जेवताना सोबत घ्या. बाबांनी तोवर आपला डबा उघडून त्या बाईंना अर्धं वाढूनही टाकलं होतं.

त्याला आता तीन वर्षं होत आली. बाबा रामाकोन्याला आहेत. चुलतभावाकडे त्याच्या बायकोच्या हातचं जेवतात, तिच्या मुलांना वाढून झाल्यावर. बगिच्यात जातात. भंडाऱ्यांची निमंत्रणं पूर्वीसारखी येतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो होतो. गावात भागवताची समाप्ती होती, मोठी पंगत. मी सवयीने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि फुनक्यांची परात उचलायला गेलो. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. "तू बस," ते म्हणाले, "पाहुणा हायेस तू." त्यात रागही नव्हता, लावून बोलणंही नव्हतं. तीन वर्षांनी आलेल्या मुलाचं पान कुठे मांडायचं, हे गावाने केव्हाच ठरवलेलं होतं. चुलतभावाने माझ्यासाठी सतरंजीचा मधला भाग झटकून दिला. मी पहिल्या पंगतीत बसलो. बाबा वाकले, माझ्या पानावर दोन फुनके टाकले आणि पुढच्या पानाकडे गेले. मी खाल्ले. चव तीच होती. भूकही लागली. पण जेवून उठताना मला कळलं की आठ महिने माझ्या टेबलापाशी बाबांच्या घशात काय अडकत असेल.

तुम्ही जे तिकडे आहात, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही मानाने बसवता. गाव कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजूनही रामाकोनाच सांगतो आणि मरेपर्यंत सांगेन. पण तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, इंदूर, भिलाई, पुणे, कुणी तर समुद्रापार, तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही आता शेवटी जेवता ते कुठे?

आमच्या क्वार्टरात हल्ली कुणी ना कुणी असतं. सौंसर-पांढुर्ण्याकडची मुलं परीक्षेला येतात, इंटरव्ह्यूला येतात, कुणाच्या ओळखीने पत्ता शोधत. गेल्या आठवड्यात तीन आली होती. प्रवासाने त्यांची तोंडं सुकलेली, पोटात नुसता स्टेशनवरचा चहा. सुनंदाने डाळ भिजवलीच होती. मी सिलबट्ट्यावर वाटली, कारण मिक्सरवर ती अजूनही मनासारखी होत नाही. मुलांना बसवलं, दोन दोन दिले. तिसरा मागितला त्याला नाही म्हणालो. मग पोळ्या वाढल्या, वरण वाढलं. ती लाजत लाजत जेवली आणि मग न लाजता जेवली. ती उठून बाहेर गेल्यावर सुनंदा आणि मी पाट ओढून बसलो. भगोण्यात एकच फुनका उरला होता. तिने तो मोडला आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला. मला कडकडून भूक लागली होती.